मालिनी गजभियेच्या पायऱ्यांखालचं बिऱ्हाड

अमेरिकेतल्या वूस्टरच्या ज्या हॉस्पिटलात मालिनी गजभिये काम करायची, तिथल्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळायची. नकोसं सँपल आलं की ते मालिनीकडे सरकवायचं. थुंकी, पू, जुलाबाची डबी, कुजलेल्या जखमेतून काढलेला काळा तुकडा, काहीही असो. ती झाकण उघडायची, काडी बुडवायची, प्लेटवर रेघा ओढायची, आणि ग्लव्ह्ज काढून, हात धुऊन डब्यातली वांग्याची भाजी खायला बसायची. नाक मुरडलेलं तिला कोणी पाहिलं नव्हतं.

हे तिच्यात उपजत नव्हतं. तिने ते ठरवून अंगी बाणवलं होतं. तिची आई नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आया होती. शाळकरी वयात एकदा मालिनी आईचा डबा द्यायला वॉर्डात गेली, तेव्हा एका म्हाताऱ्या पेशंटची सून आईला सांगत होती, "बाई, पाणी तुम्ही नका देऊ, दुसऱ्या कोणाला सांगा." त्याच सासूचं बेडपॅन आईने नुकतंच उचललं होतं. बोलताना त्या सुनेचं नाक आक्रसलं होतं आणि वरचा ओठ किंचित वर गेला होता. तो चेहरा मालिनीच्या डोक्यात पक्का बसला. आपल्या तोंडावर हा भाव कधी येऊ द्यायचा नाही, कशाहीबद्दल नाही, कोणाहीबद्दल नाही, असं तिने मनाशी घेतलं. आईच्या तोंडावर तर तो तिने कधीच पाहिला नव्हता. आईला किळस येतच नाही, अशी तिची खात्री होती.

जवळच्याच श्रूजबरीतलं घर त्यांनी घेतलं ते उन्हाळ्यात. नवरा ज्ञानदेव सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी पायल हायस्कूलला. आधीचा मालक म्हातारा गृहस्थ होता. तो वारल्यावर त्याच्या मुलांनी घर विकायला काढलं. मागे मोठमोठी झाडं, झाडांपाशी जुन्या शेताची दगडी बांधावळ, पुढे दारापाशी रुंद दगडी पायऱ्या. दोन्ही बाजूंना जमिनीलगत पसरलेली झुडपं. ज्ञानदेवला पायऱ्याच जास्त आवडल्या होत्या. "इथे बसून संध्याकाळी चहा घ्यायचा," असं तो सामान उतरवतानाच म्हणाला होता.

पहिली बाबासाहेबांची जयंती नव्या घरात करायची ठरली. एप्रिलमधला शनिवार होता, थंडी सरून पहिल्यांदाच अंगाला ऊन लागत होतं. आसपासच्या गावांतली सात-आठ कुटुंबं जेवायला यायची होती. मालिनीने पुढचं दार झाडून काढावं म्हणून उघडलं आणि हातात झाडू धरून ती तशीच उभी राहिली.

खालच्या पायरीवर साप होते. एक नव्हे, दोन नव्हे. एकमेकांत गुंतलेला एक गोळाच होता. काळपट अंगं, त्यांवर लांबलचक पिवळे पट्टे. गोळा हलत होता, सैल पडत होता, पुन्हा आवळत होता, आणि कुठलं डोकं कुठल्या शेपटीचं ते कळत नव्हतं. मधे एक जाड मादी असावी आणि बाकीचे सगळे तिच्या अंगावर चढायला बघत होते. पायरीच्या फटीतून आणखी एक डोकं बाहेर आलं, जीभ काढून थांबलं, आणि पाण्यासारखं वाहत जाऊन त्या गोळ्यात मिसळलं. कोरड्या अंगांचा दगडावर घासण्याचा बारीक आवाज येत होता.

मालिनीने दार लावलं, स्वयंपाकघरात गेली आणि सिंकमध्ये ओकली. तोंड धुताना समोरच्या खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. नाक आक्रसलेलं, ओठ वर गेलेला.

पाहुणे गॅरेजमधून आत आले. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणं झाली, आणि सगळा वेळ बोलणं सापांचंच चाललं होतं. ज्ञानदेवने फोनवर फोटो काढून प्रत्येकाला दाखवले. पायल म्हणाली, "मॉम, दे आर गार्टर स्नेक्स. दे आर टोटली हार्मलेस." शेजारच्या गल्लीतल्या नीनाने, ती मूळची पुण्याची, दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की घरात नाग निघणं शुभ असतं, दूध ठेव. मालिनीने तिला एवढंच विचारलं, "तुझ्या दारात निघाले असते तर ठेवलं असतंस का गं?" नीनाने विषय बदलला.

साप विषारी नाहीत हे मालिनीला पटलं होतं. भीती तिला वाटतच नव्हती. भीती वाटली असती तर बरं, असं तिला वाटायचं. भीतीची लाज वाटत नाही. हे जे पोटातून वर यायचं, ते वेगळं होतं. दुपारी प्लेटवर रेघा ओढतानाही तिला तो गोळा दिसायचा आणि तोंडात आंबट पाणी यायचं. घरी ती पुढच्या दाराकडे फिरकेना. कचऱ्याची पेटी रस्त्यावर न्यायची तर हिरवळीला वळसा घालून जायची.

ज्ञानदेवने व्हॉट्सॲपवरच्या लोकांचा सल्ला घेऊन डांबराच्या गोळ्या आणल्या आणि पायऱ्यांच्या फटींत, झुडपांखाली, बेसमेंटच्या कडेकडेने पसरल्या. घरभर जुन्या ट्रंकेचा वास भरला. पायलचं डोकं दुखायला लागलं, भाताला वास यायला लागला. साप मात्र त्या पांढऱ्या गोळ्यांच्या शेजारीच उन्हाला पडलेले दिसायचे. एकाने तर एका गोळीभोवती वेटोळं घातलं होतं. गोळ्या वेचून काढाव्या लागल्या.

मग बेसमेंटमध्ये, पाणी तापवायच्या टाकीमागे कात सापडली. अख्खी, डोळ्यांच्या जागी दोन गोल खवल्यांसकट, थोडी ओलसर. मालिनीने ती कागदाने उचलली तर कागदाला चिकटली. त्याच दिवशी ती ज्ञानदेवला म्हणाली, "त्या उंदरांच्या चिकट पाट्या मिळतात ना, त्या आण. लाव खाली सगळीकडे."

"साप अडकतील त्यात?"

"अडकू देत."

अडकला. शनिवारी सकाळी पायल कपडे धुवायला खाली गेली आणि जिन्यातूनच तिने आईला हाक मारली. मालिनी खाली गेली. भिंतीलगतच्या पाटीवर आधी एक उंदीर चिकटला होता आणि त्याला खायला आलेला साप त्याच्यावरच चिकटला होता. उंदीर मेलेला, फुगलेला. साप जिवंत होता. सुटायची धडपड करून करून त्याने पोटाची कातडी सोलून घेतली होती आणि खालचं गुलाबी मांस गोंदात रुतलं होतं. गोंदात उंदराचे केस, लेंड्या, झुरळाचे पाय. मागच्या अर्ध्या अंगाने तो अजून पिळे घालत होता.

ज्ञानदेव मागून आला, त्याने पाहिलं आणि तो पायरीवर बसला. "यार, हे मला नाही जमणार," तो म्हणाला.

"अशीच फेकून देऊ या का? बॅगेत घालून?" मालिनीने विचारलं.

"मॉम, इट्स अलाइव्ह," पायल म्हणाली. ती रडत होती.

मालिनी वर गेली आणि तेलाची बाटली घेऊन आली. गोंदाला तेल सोडवतं, एवढं तिला ठाऊक होतं. लॅबचे असतात तसले ग्लव्ह्ज घालून ती जमिनीवर बसली, पाटीवर तेल ओतलं, आणि कापसाच्या काडीने सापाच्या अंगाखालून एकेक बोट जागा मोकळी करू लागली. तिचे हात स्थिर होते. डोकं सुटल्यावर साप तिच्या मनगटाला गुंडाळला, आणि त्याने शेपटीखालून एक पिवळसर पातळ द्रव सोडला. तो ग्लव्हच्या वरून तिच्या कोपरापर्यंत ओघळला.

तो वास मालिनीला पुढे कितीतरी दिवस कोणाला नीट सांगता आला नाही. सडलेला मासा, ओलं राहून कुजलेलं फडकं, आणि त्यात काहीतरी गोड. ती लॅबमध्ये ज्या वासांत वावरायची त्यांतला एकही त्याच्या जवळपास जात नव्हता. तिने साप सोडवला, तेलाने माखलेला तसाच घमेल्यात घालून मागच्या बांधावळीपाशी नेऊन ठेवला, आणि तिथेच झाडाला धरून उमासे काढत उभी राहिली. साबण झाला, लिंबू झालं, बेकिंग सोडा झाला. संध्याकाळी कणीक मळताना वास पुन्हा आला. त्या रात्री तिघांनी पिझ्झा मागवला.

दुसऱ्या दिवशी ती बांधावळीपाशी गेली. साप तिथेच मेला होता आणि त्याच्या सोललेल्या पोटाला मुंग्या लागल्या होत्या. मालिनीला सापाची किळस आली, पण त्याहून जास्त त्या पाटीची आली, आणि ती पाटी आण म्हणून सांगणाऱ्या स्वतःच्या तोंडाची आली. उरलेल्या पाट्या तिने कचऱ्यात टाकल्या. पायल दोन दिवस तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

उन्हाळ्यात साप पांगले आणि घर शांत झालं. ऑक्टोबर संपता संपता ज्ञानदेवने मनावर घेतलं. पूर्ण वीकेंड खपून त्याने पायऱ्यांच्या सगळ्या फटी, भिंतीतल्या चिरा, पाइपाभोवतीची भोकं फोमने आणि सिमेंटने बुजवली. ऑफिसातला संजय जेवायला आला तर त्याला घराभोवती फिरवून एकेक जागा दाखवली. "आता मुंगी शिरत नाही," ज्ञानदेव त्याला म्हणाला. मालिनीनेही त्याचं कौतुक केलं. तिने त्या दिवशी गुलाबजाम केले होते.

मार्चच्या सुरुवातीला बर्फ वितळायला लागलं. एका रविवारी मालिनीने ड्रायरमधले टॉवेल काढून टोपलीत ठेवले आणि फोन वाजला म्हणून ती वर गेली. परत येऊन घड्या घालायला बसली. तिसरा टॉवेल उचलला तर तो जड लागला. तिने तो झटकला आणि तिच्या मांडीवर साप पडला.

तो थंडीने अर्धवट झोपेत होता. पळालाही नाही. तिच्या मांडीवर तो हळूहळू सरळ झाला, जीभ बाहेर काढली, आणि सलवारीच्या घडीत डोकं खुपसू लागला. त्याचा थंडपणा कापडातून आत लागत होता. मालिनी उठली कशी, साप कुठे पडला, हे तिला नंतर आठवेना. वर येऊन तिने अंगावरचे सगळे कपडे काढून पिशवीत कोंबले आणि पिशवी बाहेर फेकली. शॉवरखाली ती पाणी गार होईपर्यंत उभी होती.

त्या आठवड्यात बेसमेंटमध्ये रोज साप निघाले. एक बुटात, एक ओल शोषणाऱ्या डीह्युमिडिफायरखाली, दोन जिन्याच्या खालच्या पायरीवर. कुठेतरी भिंतीच्या आत काही मेलेही असावेत, कारण एका कोपऱ्यातून गोडसर कुजका वास येऊ लागला आणि पुढे महिनाभर येत राहिला.

"मी तर सगळं सील केलं होतं," ज्ञानदेव म्हणाला.

"हो ना. ते आत असताना केलंस," मालिनी म्हणाली. "ऑक्टोबरअखेर ते झोपायला आत गेले होते. तू बाहेरून दार लावून घेतलंस. आता उन्हाचं बाहेर पडायचं तर घरातूनच वाट."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं."

मालिनीने बेसमेंटचं दार लावून घेतलं. मग ती म्हणाली, "आता तू काही करू नकोस. मी बघते."

आणि तिने खरोखरच ते काम लॅबमधल्या कामासारखं हाती घेतलं. जंतू कुठे वाढतो, काय खातो, त्याला ओल आणि ऊब कुठून मिळते, हे शोधणं तिच्या रोजच्या सवयीचं होतं. विद्यापीठांच्या शेतकी विभागांनी लिहिलेली माहिती तिने वाचली. सापांचे फोटो मात्र ती हाताने झाकायची. लांब दांड्याचा खराटा आणि झाकणाची बादली घेऊन तिने बेसमेंटमधले साप एकेक करून बाहेर नेले. दर खेपेला तिला मळमळायचं. त्यासाठी ती खिशात लवंग ठेवायची. एप्रिलमध्ये खिडकीत बसून तिने पाहिलं की ते नक्की कुठून बाहेर येतात. ज्ञानदेवचा फोम सुकून एका बाजूने सुटला होता. वाट तीच होती, पायऱ्यांच्या पोटातली. पायऱ्यांखाली पोकळी होती.

उन्हाळ्यात साप बाहेर पांगलेले असतात, तेव्हाच ती पोकळी बुजवायची, असं तिने ठरवलं. तोवर तिने बाकीचं आवरलं. जमिनीलगतची झुडपं उपटून टाकली, भिंतीला टेकवलेला लाकडांचा ढीग लांब हलवला, पायलचा पक्ष्यांच्या दाण्यांचा डबा काढून घेतला, कारण खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर यायचे आणि उंदरांवर साप. भिंतीला लागून घातलेला लाकडी भुसा उचलून तिथे खडी पसरली. गवत ती दर आठवड्याला आखूड कापायची. आणि मागच्या बांधावळीपाशी, उतारावर, खोल खड्डा करून त्यात मोठे दगड आणि ओंडके रचले, वरून माती लोटली.

"हे कशाला?" ज्ञानदेवने विचारलं.

"त्यांना जायला जागा नको का? नाहीतर पुन्हा आपल्याकडेच येतील."

जुलैमध्ये पायऱ्यांचा वरचा दगड काढायला दोन गवंडी आले. दगड उचलून बाजूला ठेवल्यावर ते म्हणाले, आतलं साफ करा, मग आम्ही भरतो. मालिनीने आत वाकून पाहिलं.

आत वर्षानुवर्षांचं साचलेलं होतं. कातींचे थरावर थर, काही कागदासारखे, काही ओलीने लिबलिबीत झालेले. सापांची पांढरी-काळी विष्ठा, चिखलासारखी. बारीक हाडं, उंदरांची वाळलेली कातडी, दोन मेलेले साप, एक सुकून दोरीसारखा आणि दुसरा काळ्या पाण्यात विरघळत चाललेला. वर तोच गोड कुजका वास, उन्हात तापलेला. ज्ञानदेव फावडं घेऊन पुढे झाला, एक घाव घातला, आणि ड्राइव्हवेच्या कडेला जाऊन ओकला. दुसऱ्यांदा आला, पुन्हा गेला. मालिनीने त्याच्या हातातून फावडं घेतलं.

ती मास्क लावून, गुडघ्यांवर बसून एकेक घमेलं भरत राहिली. मधे दोनदा तिलाही ओकारी आली. तोंड पुसून ती परत बसली. सगळं काढून झाल्यावर, ब्लीच टाकून धुतल्यावर, ती बाहेरच्या नळापाशी बसली आणि तिने नागपूरला आईला फोन लावला. तिकडे जेवणं उरकली होती.

"आई, दवाखान्यात तुला किळस यायची का गं?"

"आता काऊन विचारून राहिली वं?"

"सांग ना."

"यायची ना. रोज यायची. घरी येऊन जेवण जायचं नाही मले कधी कधी. तुमाले दिसू द्यायची नाही."

"मला वाटायचं, तुला येतच नाही."

"माणूस आहे मी, मले कशी नाही येणार?" आई म्हणाली. "पण समोर माणूस पडलेलं असते. त्याच्या तोंडावर कसं दाखवायचं? लाजेनं अर्धं होते बिचारं. म्हणून तोंड सरळ ठेवायचं अन् काम करायचं. आत काय होते ते आपलं आपल्यापाशी."

मालिनीने नाक ओढलं. आईने विचारलं, काय झालं, रडतेस का. ती म्हणाली, नाही, सापांची घाण साफ करत होते. मग आईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं आणि आई मधेच म्हणाली, "शी. बस कर वं, मले आताच उलटी होईल."

गवंड्यांनी पोकळी खडी आणि काँक्रीटने भरली. घराच्या पायाशी, मातीत खोलवर, मालिनीने बारीक तारेची जाळी लावून घेतली. पाइपांची भोकं तिने स्वतः तपासली, प्रत्येक भोकाला पेन्सिल लावून. पेन्सिल गेली तर साप जातो.

ऑक्टोबर आला आणि साप परत आले. हे होणार हे तिने वाचलं होतं, पण बघणं वेगळं होतं. ते पायऱ्यांपाशी यायचे, नव्या काँक्रीटला नाक लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायचे, वळायचे, पुन्हा तेच. कामावरून आल्यावर मालिनी खराटा आणि बादली घेऊन बाहेर पडायची, एकेकाला उचलून मागच्या दगडांच्या ढिगापाशी सोडायची. ते बादलीत घाण सोडायचे. बादली ती रोज बाहेरच धुवायची. काही दगडांत शिरले. काही परत आले आणि तिने त्यांना परत नेलं. एका सकाळी गारठून मेलेला एक पायरीवर पडला होता, काठीसारखा ताठ.

पायल कॉलेजचे फॉर्म भरायचे म्हणून त्या दिवशी घरीच होती. आई मेलेला साप फावड्यावर घेऊन जाताना तिने पाहिलं आणि ती बरोबर चालू लागली.

"अजून ग्रोस वाटतं तुला?" तिने विचारलं. मराठीत, कधी नव्हे ते.

"खूप," मालिनी म्हणाली. "तू नको हात लावू, वास जात नाही."

तिने फावड्याने खड्डा केला, त्यात साप सरकवला आणि वर माती ओढली. मग दोघी बादली धुवायला नळाकडे गेल्या.